एकटीला नेता येईल अशी पेटी

मी, कुमारी चेतना मारोती गोंडाणे, वय एकोणतीस वर्षे, धंदा नोकरी, राहणार खमतराई, रायपूर, छत्तीसगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कमरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधले जे बिघडले आहे ते सोडले तर माझे बाकी सगळे ठिकाणावर आहे. मला कोणी हे लिहायला लावलेले नाही. उलट आईने दोनदा वही लपवून ठेवली. येत्या सोमवारी, १२ डिसेंबरला, माझ्या कमरेचे ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणाले. मी विचारले, किती टक्के नाही? ते हसले, आकडा सांगितला नाही. म्हणून लिहीत आहे.

वकीलबाईंचे मत होते की इथे कामकाज हिंदीत चालते, तर मृत्युपत्रही हिंदीत असावे. पण मी चौथीपर्यंत दम्यामुळे शाळेत गेले नाही. अक्षरे आईने शिकवली, बेरीज-वजाबाकी बाबांनी. हे पत्र आईला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे लागू नये, म्हणून मराठीत आहे. हिंदी प्रत वकीलबाई करून घेतील.

माझ्याकडे फार काही नाही. चिंता एकाच गोष्टीची आहे: बाबांनी बनवलेली गिटार माझ्यामागे वाजत राहील की नुसती ठेवली जाईल. बाकीची कलमे आधी उरकते.

१. घर. खमतराईचे दोन खोल्यांचे घर बाबांनी, म्हणजे कै. मारोती गोंडाणे यांनी, रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बांधले. त्यांच्यामागे ते आई शेवंता, धाकटा भाऊ प्रशिक आणि मी अशा तिघांचे झाले. माझा हिस्सा आईला. प्रशिकने त्याच्या हिश्श्याचे काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही, म्हणून सांगत नाही. मागच्या खोलीत खिडकीखाली फरशीला एक खळगा पडला आहे. तिथे गिटारचा पाय टेकतो; तिला पाय आहेत, कलम ४ पाहावे. गिटार घरातून गेली तर तो बुजवून घ्यावा. आई तिथे दोनदा ठेचकाळली आहे.

२. बँकेतली आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम आईला. कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात, निळ्या फाइलीत आहेत. त्याच फाइलीत माझा एक अर्ज सापडेल, त्याचा गैरसमज नको. मी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये वजनकाट्यावर बसते. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, पावती. एकदा मी त्या काट्यावर गिटारची जुनी पेटी तोलली. खाजगी काम होते, म्हणून दुसऱ्या दिवशी मॅनेजरांना लेखी कळवले. त्यांनी अर्ज परत दिला. म्हणाले, "मॅडम, इतनी सी बात के लिए कागज काहे खराब किया?" शिवाय ट्रकच्या काट्याला चार-पाच किलोचा फरक कळत नाही, त्यामुळे उपयोगही झाला नाही.

३. श्री. गुलाबराव मेश्राम, आमच्या भीमगीत पार्टीचे प्रमुख. त्यांना काही देत नाही, एक विनंती करते. अकरा वर्षे मी त्यांच्या पार्टीत वाजवते आहे. अकरा वर्षे ते माइकवर सांगतात, "आन् गिटारवर हाय आपल्या मारोतीची पोट्टी." माझ्यामागे कुठे बोलायची वेळ आली तर त्यांनी माझे नाव घ्यावे. तसेच गाडीत सामान चढवताना, "पोट्टी, या पेटीत मुर्दा घेऊन राहिली का?" हे वाक्य त्यांनी दर कार्यक्रमाला म्हटले आहे. पहिल्या वर्षी मी हसले होते, म्हणून त्यांना ते चांगले वाटत असावे. ही माझी चूक.

४. गिटार. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ही पेडल स्टील गिटार आहे. ती छातीशी धरायची नसते. चार पायांवर टेबलासारखी उभी असते, वर दहा तारा. डाव्या हातातली पोलादी दांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि पायाने खालचे पेडल दाबायचे. पेडल दाबले की गिटारच्या पोटातली सळई ओढली जाते आणि त्या एका तारेचा सूर वर चढतो, बाकीच्या जागच्या जागी राहतात. बाबा वॅगन दुरुस्तीत ब्रेकचे फिटर होते. एका बाहेरगावच्या ऑर्केस्ट्रात त्यांनी ही पाहिली, कार्यक्रम संपल्यावर खाली वाकून तिचे पोट पाहिले आणि घरी येऊन आईला म्हणाले, "हे तं ब्रेकचंच काम हाय." बनवायला तीन वर्षे लागली. सगळे लोखंड उरल्याच्या भंगारवाल्याकडून विकत घेतलेले आहे. रेल्वेचा माल होता असे कोणी म्हणू नये, म्हणून बाबांनी पावत्या जपल्या; त्या सोबत जोडते.

ती माझी आहे का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. २०१५ मध्ये बाबांनी आई आणि गुलाबराव यांच्यासमोर ती मला दिली. २०२० च्या आजारपणात मात्र म्हणाले, "गिटार घराबाहेर जाऊ द्याची नाही." दोन्ही वाक्ये मी ऐकली. पहिले ऐकलेले दोन साक्षीदार आहेत. दुसरे फक्त मी ऐकले, आणि तेवढ्यासाठी ते गाळता येत नाही.

घरात माझ्याशिवाय वाजवणारे कोणी नाही. प्रशिक अकरा वर्षांचा असताना दोन महिने शिकला आणि सोडून दिले. तो सरकारी नोकरीत आहे, नवा रायपूरला फ्लॅटमध्ये राहतो. बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला तो म्हणाला होता, "हॉल में काँच का शोकेस बनवाऊँगा. नीचे बाजा, ऊपर बाबा का फोटो. लाइट लगा के." मनापासून म्हणाला होता. त्याला वाईट म्हणता येत नाही.

वाजवणाऱ्या आहेत त्या विमलाताई, श्रीमती विमला डोंगरे, वय एक्केचाळीस. नवा रायपूरच्या एका कार्यालयाच्या कँटीनमध्ये काम करतात, तिकडेच तळमजल्यावर खोली आहे, एकट्या राहतात. सहा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमानंतर स्टेजजवळ येऊन त्यांनी विचारले, "मॅडम, ह्याले पायानं बी वाजवा लागते का?" मी हो म्हटले. "मंग मले जमन. मी दिवसभर उभीच असतो." तेव्हापासून त्या दर रविवारी बसने येतात. आता त्या माझ्यापेक्षा चांगले वाजवतात, हे इथे लिहून ठेवते. तोंडावर बोलले तर लाजून दोन रविवार येत नाहीत.

तरी बाबांचा शब्द मोडायचा नाही म्हणून असे ठरवले आहे: गिटारवर पहिला हक्क प्रशिकचा. माझ्यामागे सहा महिन्यांत त्याने मागितली तर ती त्याची. मागितली नाही तर विमलाताईंची.

५. नवी पेटी. गिटार कोणाकडेही गेली तरी नवी पेटी विमलाताईंची आहे, कारण ती त्यांच्या मापाने बनवली आहे. हे कलम वाचून आई म्हणाली, "बाजा एकीकडं आन् पेटी एकीकडं! विमलानं काय पेटी वाजवाची?" तरी दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून तशाच ठेवते.

पेटी अशीच का, याची कारणे लिहिते. पुढे कोणी "याहून चांगली मिळते" असे म्हटले तर विमलाताईंनी हा भाग दाखवावा.

बाबांची जुनी पेटी प्लायवूडची, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या. नुसती पेटी सोळा किलो, गिटार सतरा, पाय आणि पेडल पाच. दोन्ही टोकांना कड्या. बाबांचा नियम होता की ती दोघांनीच धरायची, एकाने कधी नाही.

मी चार पर्याय पाहिले. पहिला, कीबोर्डची चाकांची कापडी बॅग. चार किलो, ओढायला सोपी. पण कापड बाजूने दबते, आणि गुडघ्याने दाबायचा जो दांडा खाली लोंबतो तो बसच्या एका धक्क्याने वाकला असता. दुसरा, भनपुरीत ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी बनवतात ती अॅल्युमिनियमच्या चौकटीची मोठी पेटी. वरून हत्ती गेला तरी काही होणार नाही असे दुकानदार म्हणाला. रिकामी पंधरा किलो. विमलाताईंच्या रस्त्यात हत्ती नाही, बसच्या पायऱ्या आहेत. तिसरा, परदेशी फायबरची. हलकी, देखणी, पण ती परदेशी गिटारच्या मापाची; बाबांची गिटार दोन बोटे जास्त रुंद आहे. फायबर कापून वाढवता येत नाही.

चौथा पर्याय नरहरभाऊंनी बनवला. ते भनपुरीत पत्र्याच्या पेट्या आणि कूलर बनवतात. होर्डिंगला वापरतात ती पोकळ प्लास्टिकची शीट, दोन थर एकमेकांवर आडवे-उभे, कडेला अॅल्युमिनियमची पट्टी, आत जाड फोम. साडेसहा किलो. माझ्या सूचनांचा कागद पाहून ते म्हणाले, "दीदी, ये बाजा है का पेशंट?"

त्यांना एकदा सगळा फोम परत कापावा लागला, तो माझ्यामुळे. ही गिटार पेटीत पालथी ठेवतात, तारा खाली आणि पोट वर. मी मात्र ती कागदावर सुलटी ठेवून पेन्सिलने माप काढले. कागदाप्रमाणे कापलेल्या फोममध्ये दांड्याची खाच नेमकी पलीकडच्या बाजूला आली. इतकी वर्षे रोज पालथी ठेवत असूनही माझ्या लक्षात आले नाही. नरहरभाऊ रागावले नाहीत. म्हणाले, "आईना देख के नाप लिया का?" नवा फोम मी आणून दिला.

चाके. सुटकेसची छोटी कडक चाके घेऊ नयेत. ती लावून पेटी सिमेंटच्या रस्त्यावर ओढली, आत स्टीलचा पेला ठेवला होता. तो गल्लीभर वाजत राहिला. तेवढा हादरा सळयांना बसला तर प्रत्येक कार्यक्रमाआधी दहा तारा पुन्हा लावाव्या लागतील. म्हणून रबराची मोठी चाके, दवाखान्यातल्या स्ट्रेचरला असतात तशी. ती गिटारच्या जड टोकाखाली आहेत, जिकडे सळया तारांना ओढतात. त्यामुळे हलके टोक हातात येते. भाजीवाल्याचा लटकता काटा मुठीला अडकवून पाहिले: ओढताना हाताला सात किलो. मूठ विमलाताईंच्या उंचीची आहे, चार फूट अकरा इंच. उंच माणसाला वाकावे लागेल. त्याला इलाज नाही.

पाय आणि पेडल पेटीत ठेवू नयेत. पेटी उभी केली की ते घसरून सळयांवर जातात. त्यांची वेगळी खांद्याची पिशवी शिवली आहे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही पेटीत पीठ आणि विटा मिळून सतरा किलो भरले आणि बसने नवा रायपूरला गेलो. मी कमरेला पट्टा बांधून नुसती सोबत होते. कंडक्टर म्हणाला, "ये अंदर नहीं जाएगा." विमलाताईंनी तोपर्यंत ती दोन पायऱ्या वर घेतली होती. "गेली नं भैया," त्या म्हणाल्या, "आता तिकीट दे." थांब्यापासून त्यांच्या खोलीपर्यंत एक किलोमीटरचा रुंद, मोकळा रस्ता आहे, सावली नाही. त्या कुठेही थांबल्या नाहीत. अर्ध्यात मागे वळून पाहिले आणि म्हणाल्या, "मॅडम, हे तं बकरीवाणी मांगं मांगं येते!"

जुनी पेटी कोणाला देऊ नये. भंगारात काढावी. कारण पुढच्या कलमात आहे.

६. हे कलम मालमत्तेचे नाही. वकीलबाई म्हणाल्या, असले मृत्युपत्रात लिहीत नाहीत. पण मी दुसरीकडे कुठे लिहीन असे वाटत नाही.

१४ एप्रिल २०१७ ला जयंतीचा कार्यक्रम एका सभागृहाच्या गच्चीवर होता. बाहेरच्या अरुंद जिन्याने पेटी वर न्यायची होती. वरची कडी प्रशिकच्या हातात, खालची माझ्या. सातव्या पायरीवर माझी ओढणी खांद्यावरून घसरली. खाली मंडळाची माणसे उभी होती, वर बघत होती. मी ओढणी सावरायला एक हात काढला. दुसऱ्या हाताला वजन पेलले नाही. मी भिंतीला चिकटले आणि पेटी हिसका बसून प्रशिकच्या हातून सुटली आणि खालपर्यंत गेली. कोणाला लागले नाही. पेटी उघडली तेव्हा चार सळया वाकून निखळलेल्या होत्या.

प्रशिकच्या खिशात फोन वाजत होता. तो आधीपासून वाजत होता आणि त्याने घेतला नव्हता.

बाबा धावत आले. "सोडली कोनं?" फोन वाजतच होता. बाबा त्याला म्हणाले, "ह्या फोनापायी! आजपासून पेटीले हात लावाचा नाही तू." प्रशिकने माझ्याकडे पाहिले. मी खाली बसून सळया गोळा करत होते.

पेटी मी सोडली होती.

त्यानंतर प्रशिक कोणत्याही कार्यक्रमाला आला नाही. बाबा गेले ते तसेच समजून गेले. त्यांना सांगायला मला तीन वर्षे होती. ते गेल्यावर पेटीची दुसरी कडी धरायला मी प्रशिकला बोलावू शकले असते, पण मग बोलावे लागले असते. म्हणून पेटी दोरीने सामानाच्या ट्रॉलीला बांधून मी एकटीच उचलत राहिले. दवाखान्याच्या कागदावर कमरेचे कारण "वजन उचलणे" असे लिहिले आहे. ते अपुरे आहे.

म्हणून नवी पेटी एकटीला नेता येईल अशी केली. दोन कड्यांची पेटी मला पुढे कोणाच्याही हातात द्यायची नव्हती.

७. डोळे दान करावेत. कार्ड पर्समध्ये आहे. अंत्यविधी साधा असावा. पार्टीने वाजवू नये. गुलाबरावांना राहवले नाही तर त्यांनी एकच गीत म्हणावे, तेही बसून.

पुरवणी, शनिवार, १० डिसेंबर २०२२. वरचे सगळे शुक्रवारपर्यंत लिहून झाले होते. आज सह्यांसाठी गुलाबराव सकाळीच आले. पाने पाहून म्हणाले, "बारा पानं? पोट्टी, जमीनदार हाय का तू?" आणि पेपर घेऊन दाराशी बसले. दुसऱ्या साक्षीदार शेजारच्या रमाताई ठरल्या होत्या. त्यांच्या सासूबाई पडल्याचा फोन आल्याने त्या पहाटेच गोंदियाला गेल्या. मी वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कोणीही शहाणे माणूस चालेल, फक्त ज्याला या पत्राने काही मिळते त्याला साक्षीदार करू नका, पुढे भांडण होते.

त्याच वेळी प्रशिक आला. उद्या दवाखान्यात भरती व्हायचे, म्हणून माझी बॅग न्यायला आला होता. पाने टेबलावर होती. मी ती झाकली नाहीत. तो उभ्याने वाचू लागला. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो. सहाव्या कलमाशी त्याने खुर्ची ओढली. तिथून पुढे मी त्याच्याकडे पाहिले नाही.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "ये छठे नंबर वाला मेरे को मालूम था ना दीदी. दूसरा सिरा मेरे हाथ में था."

"मंग तेव्हा बोलला काहून नाही?"

"तेरे से बाजा छीन लेते बाबा. मेरे से क्या छीनते? मैं तो बजाता ही नहीं था."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सहावे कलम आदल्या दिवशी वाचले होते. प्रशिकला म्हणाली, "पाच वर्सं झाले त्या गोष्टीले. भात खाऊन जाजो."

"हव," तो म्हणाला. मग मला विचारले, "दूसरा गवाह कौन है?"

मी रमाताईंचे सांगितले.

"मैं करता साइन."

"तुले येत नाही करता. ज्याले काही भेटते त्यानं कराची नाही. चौथ्या कलमात गिटारवर पहिला हक्क तुझा हाय."

"तो काट दे."

मी म्हटले की हा बाबांचा शब्द आहे, असा एका वाक्यात कापता येत नाही. आज नाही, पण पुढे त्याला शोकेस करावेसे वाटेल. त्याने विचार करावा. सहा महिने त्यासाठीच ठेवले आहेत.

"छे महीने क्या सोचूँगा? विमला ताई को बुला के शोकेस के अंदर बिठाऊँगा?" गुलाबराव दारातून हसले. प्रशिक हसला नाही. "बाबा बोले घर से बाहर नहीं जाना. ठीक है. हर चौदा एप्रिल को विमला ताई यहाँ आ के बजाएगी, मैं गाड़ी ले के आऊँगा लेने. बस. अब काट."

मी वकीलबाईंना पुन्हा फोन करून विचारले. खोडलेल्या ओळीच्या समासात माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही असली तर चालते, असे त्या म्हणाल्या. त्याप्रमाणे कलम ४ मधील "गिटारवर पहिला हक्क प्रशिकचा" इथपासून "मागितली नाही तर विमलाताईंची" इथपर्यंतचा मजकूर मी आज दोन्ही साक्षीदारांसमोर खोडला आहे. त्या जागी असे वाचावे: गिटार, तिचे पाय, पेडल आणि नवी पेटी, सर्व एकत्र, श्रीमती विमला डोंगरे यांना.

कलम ६ खोडायचे का, असे मी प्रशिकला विचारले. तो म्हणाला, राहू दे.

हे पत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केले आहे, आणि त्यांनी माझ्या देखत.

ठिकाण: खमतराई, रायपूर
दिनांक: १० डिसेंबर २०२२

(सही) चेतना मारोती गोंडाणे

साक्षीदार:

१. (सही) गुलाबराव मेश्राम, रायपूर.

२. (सही) प्रशिक मारोती गोंडाणे, नवा रायपूर. मृत्युपत्र करणारीचा भाऊ. या पत्राने त्याला काहीही मिळत नाही.